कार्यक्रम बघायला या

परवा नातीनं हट्टानं मला बीडला पिक्चर दाखवायला नेलं. गार हवा, मऊ खुर्ची, मांडीवर मक्याच्या लाह्यांचा हा एवढा मोठा डबा. पडद्यावर एक दाढीवाला आल्यापासून माणसं मारत सुटला होता. कावून, म्हणजे कशासाठी मारतोय हे त्याला माहीत नव्हतं, मरणाऱ्यांना माहीत नव्हतं आणि मला तर मुळीच नाही. इंटरवलला मी पदर सावरून उठले. नात म्हणाली, "आजी, थांब ना, खरी स्टोरी आत्ता सुरू होणार आहे." म्हटलं, "मग इतका वेळ काय करत होते? लिहिणारा जेवायला गेला होता का?" पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. घरी येऊन हातपाय धुतले, चहा टाकला आणि माझी सिरियल लावली. दोन जावा एका ओट्यापाशी उभ्या राहून लोणच्याच्या बरणीवरून भांडतात, ती. अर्ध्या तासात जीव निवला. माझं तोंड हे असं आहे, लहानपणापासून. वाईटाला वाईट म्हटल्याशिवाय मला घास गिळत नाही. त्या तोंडानं एका रविवारी आमच्या अंगणात काय गोंधळ घातला, ते आता लिहून ठेवते. ज्यांनी पाहिलं त्यातली बरीचशी माणसं गेली.

वडवणीच्या कडेला, बीड-परळी रस्त्यालगत आमचं माळवदाचं घर होतं. सपाट मातीचं छत, वर जायला भिंतीला टेकवलेली शिडी, पुढं ओसरी आणि ओसरीपुढं अंगण. सकाळी डोळा उघडला की पहिला आवाज शेळ्यांचा, दुसरा मायच्या भाकरी थापण्याचा, आणि मग पहिली परळी गाडी घाटातून आल्यासारखी कण्हत जायची. थोडी शेती आणि बरीच शेरडं, यावर आमचं चालायचं. दादा, म्हणजे माझे वडील, शेरडांशी जितकं बोलायचे त्याच्या निम्मंही माणसांशी बोलत नसत. काहीही विचारा, उत्तर एकच, "बघू." सहलीला जाऊ? बघू. नवी चप्पल? बघू. त्या बघूमध्ये हो होतं की नाही, हे ओळखण्यात आमचं बालपण गेलं. बोलायचं सगळं काम मायनं अंगावर घेतलं होतं, आणि तिला पिक्चरचा नाद होता.

बाजाराच्या दिवसांत गावाबाहेर टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. एकीकडं बाप्ये, दुसरीकडं बाया, मध्ये कनात. आम्ही पोतं अंथरून बसायचो. मायच्या कमरेला शेंगदाण्याची पुरचुंडी असायची आणि पिक्चर रंगला की ती सोडायची आठवणच राहायची नाही. पिक्चर रटाळ निघाला तर मात्र पहिल्या गाण्यालाच शेंगदाणे संपायचे. निकाल ती सैपाकाच्या भाषेत द्यायची. अळणी, पानचट, नुस्तंच त्याल. एकदा तंबूवाल्यानं रिळं मागंपुढं लावली. हिरो मेला, त्याच्या आईनं ऊर बडवून घेतला, बाया डोळे पुसताहेत तोच हिरो बागेत झाडाभोवती नाचायला लागला. कुणी हूं की चूं केलं नाही. कनातीपलीकडून एक जण एवढंच म्हणाला, "सपान पडलं असंल बे त्याला." घरी येताना माय म्हणाली, "मेला तवाच बरा व्हता की. जित्ता व्हता तवर नुस्ता केसंच सावरीत व्हता." मी हसत हसत ते दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं, आणि तिसऱ्या दिवसापासून पोरी मला विचारूनच पिक्चरला जायला लागल्या.

दादांना पिक्चरमधली माणसं कधीच आवडली नाहीत. जनावर असेल तर ते यायचे. एकदा बीडच्या थेटरात लागलेल्या पिक्चरच्या पोस्टरवर हत्ती होता. सोंड वर केलेला, खरोखर देखणा. तो हत्ती दादांच्या इतका मनात भरला की त्यांनी स्वतःहून सगळ्यांना एसटीत घातलं. पिक्चरमध्ये एक वकील होता, एक श्रीमंत बाप होता, एक हरवलेला भाऊ होता, आणि हत्ती एकदाच आला. तोही पाठमोरा, वरातीत. दादा शेवटपर्यंत वाट बघत बसले. दिवे लागले तसे उठले आणि दारावरच्या माणसापुढं जाऊन उभे राहिले. "हत्ती कुठंय बे?" तो माणूस म्हणाला, "होता की, मामा." दादा म्हणाले, "तोंड न्हाई दावलं त्याचं." एवढंच. वडवणीला उतरल्यावर मायला म्हणाले, "आता पिक्चर बास. टीव्ही आनतो. त्यात जनावरं दावतेत म्हनं." त्या हत्तीचा मला आजही राग येत नाही. तो तोंड दाखवता तर आमच्याकडं टीव्ही आला नसता.

दोन बोकडं गेली आणि टीव्ही आला. काळापांढरा, गोधडीत गुंडाळलेला. बीडपासून दादांनी तो एसटीत मांडीवर धरून आणला, कंडक्टरलासुद्धा हात लावू दिला नाही. ओसरीत फळीवर तो अंगणाकडं तोंड करून बसला. लाइटीचा भरवसा नव्हता, म्हणून शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्याला जोडायची. माळवदावर लोखंडी नळीला अँटेना. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या, मग कुणीतरी शिडीनं वर जाऊन नळी फिरवायची आणि खालून सगळ्यांनी ओरडायचं, "आलं, आलं... गेलं... मागं घ्या!" गल्लीत दुसरा टीव्ही नव्हता. रविवारी सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नसायची.

जनावरं अधूनमधून दाखवायचे, पण गल्लीला खरा जीव लागला तो एका हिंदी सिरियलचा. मला विचाराल तर त्या काळच्या टीव्हीसारखं पुन्हा काही झालं नाही. पिक्चरमधल्या बाया नुसत्या रडायच्या, टीव्हीतल्या बाया भांडी घासता घासता रडायच्या. तिथं चहा उतू जायचा, पाहुणा नको त्या वेळी यायचा. आमच्या सिरियलमधल्या सुनेला लग्नानंतर परगावी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. सासू जाऊ देत नव्हती, नवरा तोंडाला कुलूप लावून बसला होता, आणि ती पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी होती. दर रविवारी भाग तिथंच संपायचा. पुढच्या रविवारी उघडला तरी ती आपली उंबऱ्यातच. तिचं लुगडं निळं आहे असं माय छातीठोक सांगायची. काळ्यापांढऱ्या टीव्हीत निळं कुठून दिसलं हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. बायांना शुद्ध हिंदी सगळी कळायची नाही, म्हणून मी समोर बसून सासू काय म्हणाली, सून काय म्हणाली, ते आपल्या बोलीत सांगायची. मध्ये मध्ये माझं मतही घालायची. "ही सासू लबाड हाय, कांदा चिरल्याबिगर हिच्या डोळ्याला पानी येत न्हाई," असं. बाया खूश. दादा खांबाला टेकून ऐकायचे आणि मला कधी गप्प बस म्हणाले नाहीत. टीव्हीतल्या बाईबद्दल मला वाट्टेल ते बोलायची मुभा होती. स्वतःबद्दल एक अक्षर बोलायची नव्हती.

आणि त्याच दिवसांत स्वतःबद्दल बोलण्यासारखं घडलं होतं. मी बारावी झाले होते आणि अंबाजोगाईला डी.एड.ला माझा नंबर लागला होता. पुढच्या आठवड्यात जाऊन हजर व्हायचं होतं. नाही गेले तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार. दादांना विचारलं. ते म्हणाले, "बघू." त्यांच्या बघूमागं गयाआत्या होती. गयाआत्या म्हणजे दादांची थोरली बहीण, सिरसाळ्याला दिलेली, आणि तिच्या शब्दाला आमच्या घरात फार वजन. तिनं तिकडं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलगा एकुलता, बागायती, वडील नाहीत. प्रत्येक भेटीत ती दादांना म्हणायची, "शिकून पोरगी काय कलेक्टर होनार हाय का? तू नुस्ता कार्यक्रम हाय म्हून निरोप धाड. मान्सं घेऊन यायची माझी जिम्मेदारी."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं मुलगी बघायला येतात त्याला कार्यक्रम म्हणतात. पाहण्याचा कार्यक्रम, पण पुढचा शब्द कुणी उच्चारत नाही. "त्यांच्या घरी आज कार्यक्रम हाय" म्हटलं की ऐकणाऱ्याला पोहे, पाट आणि मान खाली घातलेली पोरगी दिसलीच पाहिजे. आणि टीव्हीवर जे लागतं त्यालाही कार्यक्रमच म्हणतात. आमच्या दादांना भाबडेपणानं वाटलं, बहिणीनं अजून आपला टीव्ही पाहिला नाही, तिला बोलवावं. शनिवारी ते स्टँडवर गेले आणि ओळखीच्या कंडक्टरला म्हणाले, "सिरसाळ्याला आमच्या अक्काला सांगा, उद्या सकाळी कार्यक्रम हाय. सगळ्यास्नी घेऊन बघायला या." त्यातला टीव्ही हा शब्द त्यांनी नेहमीप्रमाणं मनातच ठेवला.

रविवारी मायनं मोठ्या पातेल्यात सुशीला केला होता, भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन आमच्याकडं करतात तो. अंगण भरलं होतं. मी केस न विंचरता बायांना वाट्या देत फिरत होते. तेवढ्यात एक जीप येऊन थांबली. आधी गयाआत्या उतरली, ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ. तिच्यामागून एक उंच, काटक बाई, मग टोपी घातलेला एक माणूस, आणि शेवटी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, कुठं बघावं ते न कळणारा मुलगा. आत्यानं अंगणातली गर्दी पाहिली आणि तिचा ऊर भरून आला. "मर्दा, सगळी गल्ली बलावलीस की!" असं म्हणत तिनं दादांच्या तोंडावरून हात फिरवला. दादांनी तोंड उघडलं. "अक्का, ते टीव्ही..." आत्या म्हणाली, "टीव्हीबी लाव की, शोभाच हाय." दादांचं तोंड मिटलं ते मिटलंच.

मायला सगळं एका क्षणात कळलं. तिनं मला दंडाला धरून आत ओढलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "आगं अयोध्ये, ही तुला बघाया आलीत!" मी म्हटलं, "मग परत लाव त्यांना." माय म्हणाली, "येडी का काय! थोरली ननंद मान्सं घेऊन आली, उंबऱ्यातून परत लावू? तुज्या बापाचं नाक कापलं जाईल." बाहेर सगळी गल्ली बसलेली. पाहुणे हो म्हणाले तर येत्या उन्हाळ्यात लग्न, आणि अंबाजोगाई संपली. नाही म्हणाले तर जन्मभर मी सिरसाळकरांनी नापसंत केलेली अयोध्या. मायनं माझे केस ओढून बांधले, तिचं लुगडं मला गुंडाळलं आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्याच पदरानं पुसलं. मला इतका राग आला होता की त्या वेळी टीव्ही, आत्या, दादा, सगळ्यांवर फोडणीचं तेल ओतावंसं वाटत होतं.

पाट मांडला तो नेमका टीव्हीपुढं, कारण दुसरीकडं जागाच नव्हती. मी पाहुण्यांकडं तोंड करून बसले, पाठ टीव्हीला. टोपीवाला माणूस मुलाचा मामा होता. त्यानं घसा खाकरून सुरुवात केली. "नाव काय, बाई?" तेवढ्यात माझ्या पाठीमागं सिरियलचं गाणं वाजलं. मी नाव सांगितलं, पण कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. सगळे माझ्या दिशेनं बघत होते आणि एकही माणूस मला बघत नव्हता. मामांची नजर माझ्या डाव्या कानावरून पलीकडं गेली होती. ती उंच बाई, राहीबाई, मुलाची आई, जरा वेळ मान वाकडी करून बघत राहिली आणि मग म्हणाली, "पोरी, जराशी हिकडं सरक. दिसंना झालंय." मी पाटासकट सरकले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. बायांमधून खसखस पिकली. आत्यानं डोळे वटारले.

आणि मुंग्या आल्या. ऐन वेळी, सासू सुनेचा हात धरते तिथं. अंगणात एकच हाय उठली. दादा शिडीकडं निघाले तर मुलगा पटकन उठला. "तुमी बसा, मामा. मी बघतो." बोलणाऱ्या माणसांतून सुटायला त्याला कारणच हवं होतं. इस्त्रीच्या शर्टानिशी तो माळवदावर गेला आणि नळी धरली. चित्र लख्ख. सोडली की मुंग्या. धरली की लख्ख. खालून बाया ओरडल्या, "धरून ऱ्हावा, पाव्हनं, सोडू नगा!" आणि तो धरून राहिला. मुलगी बघायला आलेला मुलगा छतावर नळी धरून उभा आणि मुलगी खाली त्याच्या आईशेजारी टीव्ही बघतेय, असा कार्यक्रम आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिला नसेल.

जरा वेळानं बायांतून कुणीतरी म्हणालं, "अयोध्ये, सांग की, काय म्हनतीया ती?" सवयीनं माझं तोंड सुटलं. लुगडं विसरले, आत्या विसरले. "सासू म्हनती, तू गेलीस तर मी अन्न सोडीन. सोड म्हनावं! मागच्या ऐतवारीबी सोडलं व्हतं, आन् आता बघा, गाल कशे वर आलेत." बाया हसल्या. राहीबाईही हसली, तोंडाला पदर लावून. वरून आवाज आला, "काय झालं? गेली का ती?" त्याला बिचाऱ्याला काहीच दिसत नव्हतं. मी मान वर करून ओरडले, "न्हाई अजून! उंबऱ्यातच हाय!" "नवरा काय म्हनतो?" "तो कशाला काय म्हनतोय! त्याच्या तोंडात गुळनी हाय!" आत्या दातओठ खात होती. मामा मात्र पुढं सरकून बसले होते, मुलीला काय काय येतं हे विचारायचं ते साफ विसरले होते.

मग राहीबाईनं माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुला काय वाटतं, पोरी? हिनं जावं का घर धरून ऱ्हावं?" मला कुणी मत विचारलं की माझं काय होतं ते मी सांगितलंच आहे. मी म्हणाले, "जावं! कावून जाऊ न्हाई? घर काय उठून पळतंय का? सासू हितंच हाय, नवरा हितंच हाय, चूल हितंच हाय. दोन वर्सांनी आली तर चूल काय तिला वळखनार न्हाई? पन एकदा लागलेला नंबर गेला तर पुन्यांदा लागत न्हाई!"

नंबर हा शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं. टीव्हीतल्या बाईला नोकरी लागली होती. नंबर माझा लागला होता. ओसरीत एका साबणाची जाहिरात तेवढी चालू होती. वरून मुलानं विचारलं, "कशाचा नंबर?" दादा खांबापाशी उभे होते, मान खाली. राहीबाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात खरबरीत होता, शेतात राबलेला. "कुठं लागलाय नंबर?" मी म्हणाले, "अंबाजोगाईला. डी.एड.ला." आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. "कवा जायचंय?" "ह्याच आठवड्यात." मग तिनं दादांकडं पाहिलं. दादांनी वर पाहिलं नाही.

आत्या उसळून उठली. "बगा वं बगा, पोरीच्या जिभेला काय हाड हाय का! मान्सं काय म्हनतील?" राहीबाई शांतपणे म्हणाली, "गयाबाई, तुमी आमाला काय म्हून आनलं? कार्यक्रम बघायला ना? मंग बघितला की. लई बेस कार्यक्रम हाय." आणि मग ती उठून उभी राहिली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या घरी टीव्ही न्हाई, बायांनो, म्हून आलतो. पोरगी बघायला यायचं आसतं तर आमी सांगून आलो आसतो." पसंती नाही, नकार नाही. मी कुणाला दाखवलीच गेले नव्हते. मामा तोंड उघडणार होते, तिनं नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. मला त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही, कारण ठेवलं असतं तर आत्यानं सोयरीक जमली असं धरलं असतं. सुशीला खाऊन, मायकडून आणखी एक वाटी मागून घेऊन, ती जीपकडं निघाली. जाताना दादांपाशी थांबून म्हणाली, "टीव्हीतलीचं काय व्हायचं ते व्हईल. हिचं तुमच्या हातात हाय." मुलगा खाली उतरला तेव्हा त्याचा शर्ट गंजानं तांबडा झाला होता. जीपमध्ये चढताना त्यानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं आणि विचारलं, "शेवटी गेली का न्हाई?" मी म्हणाले, "फुडच्या ऐतवारी कळंल." त्याचं नाव भागवत. पुढं त्यानं लिंबागणेशची मुलगी केली. लग्नाकार्यात भेटतो तेव्हा अजून लांबूनच हात वर धरून नळी धरल्यासारखा उभा राहतो आणि आम्ही दोघं हसतो.

गयाआत्या दादांशी पुढं बरेच महिने बोलली नाही. दादांनी ते सोसलं. त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी उठले तर त्यांनी माझी वळकटी बांधून ओसरीत ठेवली होती. बघू नाही, काही नाही. अंबाजोगाईच्या गाडीत माझ्या शेजारी बसले, वसतिगृहाच्या दारात वळकटी ठेवली आणि परत गेले.

मला वाटलं होतं, गेले की सुटले. झालं उलटंच. वसतिगृहातल्या मुलींची बोली गुळगुळीत. मी "कावून" म्हटलं की त्या एकमेकींकडं बघून हसायच्या, आणि वर्गात पाठ घेताना मी "न्हाई" म्हणाले तर मागच्या बाकावरून "न्हाई न्हाई" असा कोरस यायचा. मी, वडवणीच्या गल्लीत जिच्या तोंडाला कुणी लागत नव्हतं, ती मी, मुकी झाले. वरणात मीठ नसायचं. टीव्ही नव्हता. उंबऱ्यातल्या त्या बाईचं काय झालं, हे सांगायलाही कुणी नव्हतं. रोज पांघरुणात रडायचं आणि रोज ठरवायचं की दादा आले की त्यांच्याबरोबर परत जायचं. गयाआत्याचं ऐकलं असतं तर निदान आपल्या माणसांत राहिले असते, असंही वाटायला लागलं होतं.

काही आठवड्यांनी एका दुपारी दादा आले. पुरुषांना आत सोडत नसत. फाटकाबाहेर लिंबाखाली ते बसले होते, शेजारी फडक्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. मी वळकटी बांधूनच बाहेर आणली. म्हणाले, "दादा, मी येते संगं. मला न्हाई ऱ्हायचं." त्यांनी वळकटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि धपाट्याचं फडकं सोडलं. मला वाटलं आता बघू म्हणतील. ते म्हणाले, "ती गेली."

"कोन गेली?"

"टीव्हीतली. पिशवी उचलली आन् गेली."

मी वळकटीवर बसले. आणि माझे दादा, ज्यांनी आयुष्यात सलग चार वाक्यं बोललेली मी ऐकली नव्हती, ते सांगायला लागले. सासूनं कशी दारात आडवी काठी घातली. ती काठी ओलांडून कशी गेली. नवरा मागून स्टँडवर आला आणि काही न बोलता तिच्या हातात डबा देऊन गेला. गाडी आली. खिडकीपाशी जागा मिळाली. मी विचारलं, "रडली का?" दादा म्हणाले, "रडली की. घाट लागंस्तवर रडली. पन उतरली न्हाई." "मंग?" "मंग तिथं गेल्यावर लई तरास झाला. हसले तिला लोक. ती म्हनली, हसा. आता पांढरी साडी नेसून दवाखान्यात फिरती. लोक उठून हुबे ऱ्हातेत." इतकं बोलून ते दमले. धपाट्याचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चांगला कार्यक्रम हाय." त्यांची गाडी यायची वेळ झाली. मी वळकटी उचलली आणि आत नेऊन सोडली. दुसऱ्या दिवशी पाठ घेताना मागून "न्हाई न्हाई" आलं तेव्हा मी खडू खाली ठेवून म्हणाले, "हसा." आणि पाठ पुढं चालू केला.

दिवाळीला घरी गेले. माय करंज्या लाटत होती, मी भरत होते, दादा ओसरीत शेळीच्या पायातला काटा काढत होते. मी म्हटलं, "माय, ती नर्स काय म्हनती गं आता?" मायनं लाटणं आपटलं. "नाव नगं काढू त्या बयेचं! कसली नर्स आन् कसलं काय. तू गेलीस त्याच्या फुडच्याच ऐतवारी सासूनं जरासं डोळ्याला पदर लावला, का हिनं ठिवली पिशवी आन् गेली चुलीपाशी. संपलं. इतका पानचट शेवट मी तंबूतबी बघितला न्हाई. मी तर तवापसून लावतच न्हाई ते."

माझा हात करंजीतच राहिला. मी ओसरीकडं पाहिलं. दादांची मान शेळीच्या खुरावर वाकलेली होती. माय म्हणाली, "अवं, तुमीबी व्हता की बघायला. सांगा की हिला, कसा खेळ केला त्या बाईनं."

जन्मभर बाजारात व्यापाऱ्यांशी हिंदीत घासाघीस करून शेरडं विकलेले दादा काटा काढता काढता म्हणाले, "व्हतो की. पन मला हिंदी कुठं कळतं."